चौथा कोपरा

काटा दुरुस्त केला की वजन पाच वेळा ठेवून बघायचं असतं. एकदा मधोमध, मग चारही कोपऱ्यांवर एकेकदा. वीस किलोचं ओतीव लोखंडी वजन उचलायचं, ठेवायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, परत उचलायचं. गिऱ्हाईक मधलं तेवढं बघतं. २०.००० दिसलं की त्याचा हात खिशाकडे जातो. कोपऱ्यांचे वेगळे पैसे कोणी देत नाही आणि कोपरे तपासा असं आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. पाठ धरलेली असली की कोपरे नसते तर बरं झालं असतं असं मलाही वाटतं.

मी नगरचा. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर, नगर’ असाच पुकारा होतो. वजनकाटे दुरुस्तीचा धंदा, वडिलांपासूनचा. दुकान म्हणजे एक शटर, आत एक लाकडी बाक, भिंतीला लावलेला परवाना आणि मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या दोन पिशव्या, ज्यात एकेक वीस किलो बसतं. किराणावाले, भाजीवाले, दूध केंद्रं, भुसारवाले, भंगारवाले ही माझी गिऱ्हाइकं. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी आणि लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. लोक त्याला पासिंग म्हणतात. त्याआधी काटा माझ्यासारख्याच्या हाताखालून जातो.

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघानं मला बोलायला बोलावलं. विषय होता रोजच्या कामात देवाचं गौरव. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही हातानं काम करणारे, तुम्हीच बोला. मी बायबलातल्या कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडला आणि जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, यावर वीस मिनिटं बोललो. पोरं आमेन म्हणाली. चहा-बिस्किटं झाली. हे वचन पौलानं लिहिलंय ते दासांना, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. ज्यांना पगार नव्हता, सुट्टी नव्हती, ज्यांनी केलेलं काम मालकाच्या नावावर जायचं, त्या माणसांना. आपण ते ऑफिसात टेबलावर चिकटवतो.

आणखीही एक सांगायचं राहिलं, पण ते विसरून नाही. दुसऱ्या बाकावर राहुरीकडच्या एका गावचा मुलगा बसला होता. त्याच्या तोंडाकडे बघून ती गोष्ट गिळली. तीच इथे लिहितोय.

पण आधी दादांचं सांगतो. दादा म्हणजे माझे वडील.

माझ्या लहानपणी सगळं दांडीचे तराजू आणि लोखंडी वजनं. किलोचं वजन उलटं करून बघा, बुडाला एक भोक दिसेल आणि त्यात शिसं भरलेलं. वजनमाप खात्याचे साहेब शिक्का मारतात तो या शिशावर. वजन कमी भरत असलं तर वाढवायचं तेही या शिशानंच. कारण वजन झिजतं. दहा वर्षं पारड्यात आपटून, ओल्या हातांनी उचलून, गंज धरून, घासून किलोचा किलो राहत नाही. आणि ते जेवढं हलकं होतं तेवढं गिऱ्हाइकाच्या पिशवीत कमी पडतं. यात दुकानदाराच्या मनात काही नसतं. तो बिचारा इमानदारीनं रोज तेच वजन पारड्यात टाकतो. पाप कोणीच केलेलं नसतं आणि मापात पाप असतं.

एक रात्र आठवते. दिवे गेलेले. स्टोव्हवर लोखंडी पळीत शिसं वितळत होतं, त्याचा तो जिभेवर येणारा वास घरभर. दादांनी एका पावशेराएवढ्या दिसणाऱ्या वजनाच्या, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या, भोकात ते ओतलं. निवलं. मग कानस. दोनदा घासायचं, कपड्यानं पुसायचं, तराजूच्या एका पारड्यात ठेवायचं. दुसऱ्या पारड्यात पितळी वजन. ती पितळी वजनं मखमलीच्या खणांच्या पेटीत असायची आणि त्यांना उघड्या बोटांनी शिवायचं नाही असा घरात दंडक होता, घामानं डागाळतात म्हणून. आम्ही भावंडं चोरून शिवायचो आणि मार खायचो. तर दादा घासत होते, ठेवत होते, दांडीवरचा काटा मधल्या खुणेच्या केसभर बाजूला थरथरत राहत होता. मला झोप येत होती आणि कंदील धरायचं काम माझ्याकडे होतं. मी म्हणालो, दादा, एवढं चालतं की, साहेब पास करतील.

“पास होईल,” दादा म्हणाले. “बरोबर नाही.”

आणि परत कानस. कायदा थोडी सूट देतो, कुठल्याही मापाला देतोच. दादा ती सूट घ्यायचे नाहीत असं नाही, पण शेवटी, हात थकल्यावर. सुरुवातीलाच नाही.

त्यांच्या या वेडाच्या मागे आमच्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले, महारवाड्यातले. सुगीत खळ्यावर बलुतं मागायला जायचं. पाटलाचा माणूस लांब उभा राहून सुपानं धान्य टाकायचा, हे धोतराचा सोगा पसरून उभे. मोजायचं नाही, मागायचं नाही, खाली सांडलेलं वेचून घ्यायचं. पायली, अधोली, शेर ही सगळी मापं गावात होती, पण यांच्यासाठी नव्हती. त्यांना शिवायचं तर नावच काढू नका. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला ठाण मांडलं होतं आणि पुढे त्यांच्या शाळा खेडोपाडी, आमच्या वडाळ्याकडेही पोचल्या. घरी सांगतात की पणजोबांनी मिशनच्या माणसाच्या तोंडून लूकच्या शुभवर्तमानातलं वाक्य ऐकलं आणि ते तिथेच थबकले. चांगलं माप दाबून, हालवून, शिगोशीग भरून तुमच्या पदरी घालतील. ज्याच्या पदरात आयुष्यभर लांबून फेकलं, त्याला कोणी सांगतंय की देव माप घेऊन जवळ येतो, दाबतो, हालवतो आणि वर शीग लावतो. घरची गोष्ट आहे, वाढवून सांगितली असेल. पण शीग म्हणजे काय हे कळायला जन्मात कधीतरी रिकामा सोगा घेऊन उभं राहावं लागतं, एवढं मला पटतं.

आजोबा मिशनच्या औद्योगिक शाळेत लोखंडकाम शिकले. दादांनी काटे धरले. पणजोबांना ज्या वस्तूवर सावली पाडायची बंदी, ती वस्तू दादा मांडीवर घेऊन बसायचे.

दुकानाच्या पाटीवर एखादं वचन लिहा, असं त्यांना बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. पवित्र शास्त्रात आमच्या धंद्यावर वचनांना तोटा नाही. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो, हे नीतिसूत्रांत आहे. तुझ्या थैलीत लहानमोठी अशी दोन तऱ्हेची वजनं नसावीत, हे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात. तिथे मूळ इब्री शब्द ‘दगड’ असा आहे, कारण त्यांची वजनं दगडाचीच. आमच्याकडे आठवडे बाजारात अजून एखादी म्हातारी पावकिलोचा म्हणून एक गुळगुळीत दगड पारड्यात टाकते, तेव्हा मला अनुवादच आठवतो. दादांनी पाटीवर काही लिहिलं नाही. म्हणाले, उद्या माझा हात चुकला तर लोक म्हणतील वचन खोटं.

मला स्वतःला शास्त्रातला आमोस आवडतो. हा गुराखी, उंबराची झाडं राखणारा माणूस, संदेष्ट्याच्या घराण्यातला नाही. त्यानं बाजार आतून पाहिलेला असणार. त्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तो व्यापाऱ्यांचं मन वाचून दाखवतो. नवचंद्राचा सण कधी सरतो, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी संपतो, म्हणजे धान्य बाहेर काढता येईल, एफा लहान करू आणि शेकेल मोठा करू. प्रवचनात यावरून लोक भराभर पुढे जातात. मी जात नाही, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. एफा म्हणजे धान्य मोजायचं माप. शेकेल म्हणजे वजन, त्या काळी नाणं नव्हतं, चांदी तोलून द्यायची. म्हणजे विकताना माप लहान आणि पैसे घेताना वजन मोठं. दोन्हीकडून. आणि हे सगळं उपासनेत बसून चाललंय. सण मोडत नाहीत ते लोक. शब्बाथ पाळतात. फक्त घड्याळाकडे बघतायत, तेव्हा घड्याळ नव्हतं एवढंच.

याच आमोसाचा पाचवा अध्याय मला पुढे महागात पडला. ते येईलच.

आता भंगारवाल्यांचं. सगळे तसे नसतात, पण वर्षातून चार-पाच तरी दुकानात येऊन आवाज खाली करतात. “काट्यात जरा बघा ना, काटेवाले.” मतलब असा की घेताना किलोचा नऊशे दिसावा. इलेक्ट्रॉनिक काट्याला आपण जे किलो म्हणून शिकवू ते तो किलो मानतो. त्याला खोटा किलो शिकवायचा. थोड्या वेळाचं काम आणि दिवसभराच्या कमाईएवढे पैसे. काटामारी हा शब्द आपल्याकडे ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. ती फक्त मोठ्या काट्यावर होते असं नाही, ती दहा किलोच्या काट्यावरही होते आणि तिथे फसतो तो बाटल्या-पत्रे वेचून आणणारा.

पहिली काही वर्षं मी म्हणायचो, “मला ते जमत नाही, ते सॉफ्टवेअरचं असतं.” भांडण नको म्हणून. एकदा बायको दुकानात डबा द्यायला आली होती, तिनं ऐकलं. माणूस गेल्यावर म्हणाली, “म्हणजे काटा खरा ठेवण्यासाठी तुम्ही खोटं बोललात.” आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. त्यानंतर मी “जमतं, पण करत नाही” असं म्हणायला लागलो. याचे परिणाम झाले. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्यातला एक बाहेर माझ्या नावानं बरंच काही बोलला.

गंमत पुढे आहे. त्यातलाच एक सहा महिन्यांनी परत आला, दुसरा काटा घेऊन. हा त्याचा खरा काटा. माल पुढे कारखान्याला देताना आपली फसगत होऊ नये म्हणून त्याला घरी एक खरा काटा लागतोच. थैलीत दोन तऱ्हेची वजनं. तो खरा काटा माझ्याकडे, आणि दुसरा कोणाकडे ते मी विचारलं नाही. मी तो दुरुस्त केला, कोपऱ्यांसकट. पैसे घेतले. हे बरोबर केलं का, यावर आमच्या घरात एकमत नाही. मी म्हणतो, खरा काटा खरा करणं माझं काम. बायको म्हणते, त्याचा खोटा धंदा तुमच्या खऱ्या काट्यावर चालतो.

ती नर्स आहे, चोवीस वर्षं झाली. तिच्याकडे मोजायचं काम माझ्याहून जास्त. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, लघवी किती झाली. ती सांगते, पहाटे तीन वाजता वॉर्डात तक्ता बसल्या जागी भरता येतो. पेशंट गाढ झोपलेला आहे, संध्याकाळी ९८.६ होता, मग ९८.४ लिहा, नाडी ७८ लिहा, कोण बघतंय. दहातल्या नऊ वेळा ते आकडे जवळपास खरेच निघतात, हेच त्यातलं वाईट. नव्या मुलींना ती एवढंच शिकवते की लिहायच्या आधी मनगटाला हात लाव. मनगटाला हात लावला की निदान अंग गार पडलंय का, ते तरी कळतं. तिच्या तोंडून मी ‘सेवा’ हा शब्द क्वचितच ऐकलाय. ड्युटी म्हणते.

तिची पणजी केडगावला वाढली. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं ते खेड्यातल्या बाईला समजावं अशा साध्या मराठीत. त्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल छापलं गेलं मिशनच्याच छापखान्यात आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला तिथल्याच मुली-बाया होत्या. शिशाचे खिळे. अक्षर उलटं. काना उजवीकडे नाही, डावीकडे दिसणार. ज्या बायांना काही वर्षांपूर्वी अक्षर ओळख नव्हती, त्या उलट्या मराठीत एकेक मात्रा, एकेक अनुस्वार बोटांनी उचलून लावत होत्या. सासुरवाडीला ही गोष्ट निघाली की सगळे रमाबाईंविषयी बोलतात, ते बरोबरच आहे. मी मात्र त्या खिळे लावणाऱ्या बायांच्या बोटांचा विचार करत बसतो. शिशाशी आमचंही घराण्याचं नातं आहे, म्हणून असेल.

आता ती गोष्ट.

डिसेंबर २०२२. नाताळ तोंडावर. राहुरीकडच्या एका गावात दूध संकलन केंद्र आहे, तिथला पन्नास किलोचा काटा बिघडला म्हणून फोन आला. शून्यावर ठरत नव्हता. गेलो तर नेहमीचंच. रोज काटा धुतात, पाणी आत जातं, वायरीच्या जोडाला हिरवा गंज. दूध सांडून, वाळून, आंबून आत एक थर बसलेला. सगळं खोललं, पुसलं, वाळवलं, वायर बदलली, प्लॅटफॉर्म परत बसवला, खालचे बोल्ट लावले. या बोल्टांविषयी सांगायला हवं. प्लॅटफॉर्मच्या खाली चार कोपऱ्यांना चार बोल्ट असतात, त्यांना स्टॉपर म्हणतात. कोणी काट्यावर उभं राहिलं, गोणी आपटली, तर प्लॅटफॉर्म त्यांच्यावर टेकावा आणि वजन ओळखणारा मधला लोडसेल वाचावा. एरवी बोल्ट आणि प्लॅटफॉर्म यांच्यामध्ये फट हवी. फट नसेल तर वजनातला थोडा भार गुपचूप बोल्टावर जातो आणि काटा तेवढं कमी दाखवतो.

मधोमध वीस किलो ठेवलं. २०.०००. पुढचे दोन कोपरे झाले. मागचा डावा झाला. मागचा उजवा कोपरा भिंतीकडे होता आणि त्याच्यापुढे दुधाचं फॅट तपासायच्या मशीनचं टेबल आलेलं. वजन तिथे ठेवायचं तर टेबल हलवायला हवं, मशीनची वायर काढायला हवी. पाच वाजत आलेले. बाहेर किटल्या घेऊन लोक उभे. “झालं का ओ काटेवाले?” आणि साडेसहाला नगरला नाताळच्या गाण्यांची तालीम. मी ढोलकी वाजवतो. आमच्याकडे नारायण वामन टिळकांपासून भजनाला पेटी-ढोलकी लागतेच आणि ढोलकीवाला एकच, मी. तीन कोपरे बरोबर आहेत तर चौथा कशाला चुकेल, असं मनाशी म्हटलं, म्हटलंसुद्धा नाही, नुसतं वजन पिशवीत घातलं. बाराशे रुपये घेतले आणि निघालो.

तालीम उत्तम झाली. ढोलकी अशी बसली की पेटीवाल्यानं मागे वळून मान डोलावली.

आठव्या दिवशी, म्हणजे नाताळ उलटल्यावर, केंद्रातून फोन. एक म्हातारी सकाळपासून ओरडतेय, या.

झालं होतं ते असं. केंद्रात काट्यावर स्टीलची बादली ठेवलेली असते, लोक किटलीतलं दूध तिच्यात ओततात, लिटरचा आकडा लागतो, बादली रिकामी करतात. गर्दीत ओतायला सोपं पडावं म्हणून बादली भिंतीकडे सरकवलेली. नेमकी त्या कोपऱ्यावर. म्हातारीच्या घरी एक म्हैस. धार काढल्यावर ती घरी ॲल्युमिनियमच्या लिटरच्या मापानं मोजायची, जुनी सवय. चार लिटर घरून निघायचं आणि केंद्राच्या चिठ्ठीवर ३.८५ यायचं. दूध घेऊन जायची सून. सुनेला दीड-दोन वर्षांचं पोर. म्हातारीनं हिशेब लावला. वाटेत पेलाभर दूध काढून पोराला पाजते. सात दिवस घरात तेच चाललं होतं. काय बोललं गेलं ते मला नंतर केंद्रातल्या पोऱ्यानं सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

आठव्या दिवशी म्हातारी स्वतः निघाली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात ते माप. केंद्रात सगळ्यांच्या देखत किटलीतलं दूध मापून बादलीत ओतलं. एक, दोन, तीन, चार. आकडा ३.८५.

मी पोचलो तेव्हा थंडीत सगळे शेकोटीभोवती बसले होते आणि म्हातारी माप मांडीवर घेऊन ओट्यावर. मी टेबल बाजूला केलं, वायर काढली. तीन मिनिटं लागली. त्या कोपऱ्यावर वजन ठेवलं आणि आकडा उणा आला. खाली वाकून बोल्ट बघितला, प्लॅटफॉर्मला चिकटलेला. पाना लावून दोन आटे फिरवला. आकडा जागेवर आला.

“म्हंजी काटाच खोटा व्हता,” म्हातारी म्हणाली.

“काटा खोटा नव्हता आजी. माझं काम अर्धं राहिलं. हा कोपरा मी बघितलाच नव्हता.”

“का बरं?”

उत्तर माझ्याकडे होतं. नाताळची गाणी बसवायची होती. ते तोंडातून निघालं नाही. म्हणालो, घाई होती.

केंद्राच्या वहीत आठ दिवस दूध वाढीव निघत होतं. बादलीत कमी दिसलेलं दूध कॅनमध्ये तर पुरं जात होतं ना. केंद्रवाला म्हणाला, वाटलं थंडी आहे, लोकांचं दूध वाढलं. मी मनात आकडे मांडले. रोज दोन वेळा, चाळीसेक घरं, प्रत्येक वेळी दीडशे ग्रॅमच्या आसपास. आठ दिवसांत शंभर किलोच्या जवळ जातं. माझी आठवड्याची कमाई तरी सहज. मी बोलायला लागलो तर तिथले प्रमुख म्हणाले, राहू द्या, वाढ नोंदलेली आहे, दिवाळीच्या फरकात सगळ्यांना वळती करू. मी लगेच मान्य केलं. ते मान्य करण्यात माझी सोय होती हे मला तेव्हाही कळत होतं. बाराशे रुपये परत केले, बस. पुढच्या दिवाळीला काय वळती झालं ते विचारायला मी गेलो नाही.

त्या रविवारी उपासनेत बसलो होतो आणि सवयीनं आमोस चाळत होतो. पाचव्या अध्यायाशी आलो. तुमच्या गाण्यांचा गलबला माझ्यापुढून दूर करा, तुमच्या वाद्यांचा नाद मला ऐकायचा नाही. पाळकसाहेबांनी ढोलकीसाठी खूण केली. उठलो आणि वाजवली. काय करणार.

तेव्हापासून पाचही वेळा वजन ठेवतो. टेबल असलं तर टेबल हलवतो, फ्रीज असला तर फ्रीज. एका किराणावाल्यानं विचारलंही, काय ओ, पूजा घालताय का काट्याची? ‘प्रभूसाठी’ वगैरे मनात येतं असं म्हणणार नाही. मनात येतं ते ॲल्युमिनियमचं माप.

आणि एक गोष्ट. त्या सकाळी मी पाने गोळा करून बाहेर आलो तेव्हा नळाशी ती सून किटली विसळत होती. पोर कडेवर. आतलं सगळं तिला ऐकू गेलं असणार, दार उघडंच होतं. म्हातारी माझ्या मागून आली, क्षणभर सुनेकडे बघत उभी राहिली. वाटलं काहीतरी म्हणेल. “चल गं, ऊन आलं,” एवढंच म्हणाली आणि पोराला आपल्या कडेवर घेतलं. सुनेनं किटली उपडी करून झटकली.

माफी मी म्हातारीची मागितली होती, केंद्रवाल्याची मागितली होती. हिच्यापाशी मी चार पावलांवर उभा होतो. हेल्मेट घातलं, किक मारली.

त्या केंद्राचं पासिंग दर वर्षी डिसेंबरातच येतं. तीन वर्षं झाली, दर वेळी मीच जातो. सकाळचं संकलन उरकल्यावर जातो, गर्दी नसते तेव्हा. यंदा संकलनाच्या वेळेला जाईन म्हणतोय.